पर्यावरण आघात मूल्यांकन शास्त्रीय कसोटीवर कसे उतरवावे : नाशिक परिसरात काम सुरू करणाऱ्यांसाठी

पर्यावरण विज्ञानाची पदवी घेऊन एखाद्या सल्लागार संस्थेत नुकतेच रुजू झालेले तरुण, प्रयोगशाळेत नमुने तपासणारे सहायक, आणि आपल्या गावालगत येणाऱ्या प्रकल्पाचा अहवाल जनसुनावणीपूर्वी स्वतः वाचून पाहू इच्छिणारे ग्रामस्थ, अशा तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील हे मंजुरीपूर्वी तपासणाऱ्या या मूल्यांकनाची कायद्याची चौकट समजून घेणे फारसे अवघड नाही. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेल्या अधिसूचनेत प्रकल्पांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे वर्ग, मंजुरीचे टप्पे आणि अहवालाचा साचा दिलेला आहे, आणि तो साचा भरून काढणे महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडते. अवघड आहे ते त्या साच्यात भरलेल्या आकड्यांना शास्त्रीय अर्थ असणे. अनेक अहवालांत मोजमापे भरपूर असतात, तक्ते नीटनेटके असतात, पण कोणते मोजमाप कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी घेतले, हे कुठेही लिहिलेले नसते. त्यामुळे पुढच्या प्रकरणात केलेल्या भाकिताचा मागच्या प्रकरणातील मोजणीशी संबंधच उरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, अहवालातील प्रत्येक मोजमाप आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असावे, आणि प्रत्येक भाकीत अशा शब्दांत लिहिलेले असावे की पाच वर्षांनी कोणीही जागेवर जाऊन, मोजून, ते खरे ठरले की खोटे हे सांगू शकेल. कॅनडात गॉर्डन बीनलँड्स आणि पीटर ड्यूंकर यांनी १९८३ मध्येच हा आग्रह धरला होता. पुढे राल्फ बकली यांनी ऑस्ट्रेलियातील प्रकल्पांची भाकिते प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिली, तेव्हा पडताळण्याजोग्या भाकितांची सरासरी अचूकता ४४ टक्क्यांच्या आसपास निघाली, आणि मुळात पडताळता येतील अशी भाकितेच फार थोडी होती. ही स्थिती सुधारणे नवख्या माणसाच्याही हातात असते, कारण सुधारणेची सुरुवात शेतात, विहिरीवर आणि तराजूपाशी होते.

सोयीसाठी एक काल्पनिक प्रकल्प गृहीत धरू. निफाड तालुक्यात गोदावरीपासून दोन-तीन किलोमीटरवर, उसाच्या मळीपासून मद्यार्क तयार करणारा प्रकल्प उभा राहणार आहे. अशा प्रकल्पात एक लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यावर उरलेले सांडपाणी, तयार होतो. त्यात सेंद्रिय भार प्रचंड असतो, आणि पोटॅशियम व क्लोराइडही भरपूर असतात. तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा, तोवर अस्तर घातलेल्या तलावात साठवायचा, अशी योजना आहे.

पहिली पायरी : मोजण्याआधी प्रश्न लिहून काढावेत

हवेचे नमुनायंत्र गाडीत चढवण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर प्रश्न लिहावेत. आपल्या उदाहरणात ते असे असतील : साठवण तलावातून गळती झाली, तर ती कोणत्या विहिरींपर्यंत आणि किती काळात पोहोचेल? बॉयलरच्या धुराड्यातून निघणारी धूळ हिवाळ्यात कोणत्या वस्त्यांवर उतरेल? नदीचे पाणी सर्वांत कमी असते त्या काळात प्रकल्प पाणी कुठून उचलणार, आणि त्यामुळे खाली नांदूरमधमेश्वरपर्यंत काय फरक पडेल? हा शेवटचा प्रश्न गौण नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असून २०२० मध्ये त्याला तो दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले.

प्रश्न ठरले की अभ्यासक्षेत्र ठरवावे. प्रकल्पाभोवती दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढण्याची रूढी आहे, आणि कार्यकक्षेत, म्हणजे अभ्यासात काय पाहायचे हे ठरवून दिलेल्या यादीत, ते सांगितलेले असल्यास ते काढलेच पाहिजे, परंतु पाणी वर्तुळात वाहत नाही. पाण्याच्या प्रश्नासाठी पाणलोटाची सीमा, हवेच्या प्रश्नासाठी वाऱ्याची प्रमुख दिशा आणि पक्ष्यांच्या प्रश्नासाठी त्यांची चरण्याची व रात्र घालवण्याची ठिकाणे पाहून वर्तुळाबाहेरही जावे लागते. अर्जाच्या नमुना १ मध्ये पंधरा किलोमीटरच्या आतील संवेदनशील क्षेत्रांची माहिती विचारलेली असते. ती अपुरी दिल्याने काय होते, हे गोव्यातील मोपा विमानतळाच्या प्रकरणात दिसले : २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि पुन्हा मूल्यमापनाचा आदेश दिला.

दुसरी पायरी : हंगामाची निवड

पावसाळा वगळून एका हंगामाची आधारभूत माहिती, म्हणजे प्रकल्पापूर्वीच्या स्थितीची मोजमापे, अनेक प्रकल्पांना पुरते, आणि म्हणून सोयीचा हंगाम निवडण्याचा मोह होतो. मार्च ते मे हा काळ सर्वांना सोयीचा वाटतो, कारण रस्ते कोरडे असतात आणि पाऊस नमुने बिघडवत नाही. परंतु नाशिक जिल्ह्यात या तीन महिन्यांत जे दिसते ते वर्षभराचे चित्र नव्हे. पश्चिमेला इगतपुरीत पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो, तर पूर्वेच्या तालुक्यांत तो पाचशे-सहाशेवर येतो. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कातळसड्यांवरील अल्पायुषी वनस्पती पावसाळ्यात उगवून ऑक्टोबरपर्यंत संपतात, आणि नांदूरमधमेश्वरचे स्थलांतरित पक्षी साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात असतात. मेमध्ये केलेल्या पाहणीत ‘संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही’ असे लिहिणे खोटे नसते, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून कायद्याची किमान अट पाळतानाच प्रत्येक प्रश्नासाठी स्वतंत्र काळ निवडावा. विहिरींचे पाणी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, पक्षी हिवाळ्यात, वनस्पती पावसाळ्याच्या उत्तरार्धात, आणि हवा शक्यतो हिवाळ्यात मोजावी, कारण थंडीत रात्री तापमानाचा व्युत्क्रम होऊन (खाली थंड, वर उबदार हवा) धूर जमिनीलगत अडकतो. वाढीव फेऱ्यांचा खर्च प्रकल्पधारकाला पटवून द्यावा लागतो, हे खरे आहे. तो पटवताना एवढे सांगावे की मंजुरीची शिफारस करणाऱ्या मूल्यांकन समितीने नंतर त्रुटी काढून एका हंगामाची माहिती पुन्हा मागवली, तर जाणारे वर्ष या फेऱ्यांपेक्षा कितीतरी महाग पडते.

निफाडच्या हवेबाबत एक गोष्ट स्थानिक माणसालाच सुचेल. डिसेंबर-जानेवारीत येथील किमान तापमान राज्यातील नीचांकांपैकी असते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद वर्तमानपत्रांत रोज छापून येते, आणि पारा फारच घसरला की द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. त्या रात्रीच्या नमुन्यात सूक्ष्म धूलिकण वाढलेले असणारच. अशी नोंद फेकूनही देऊ नये आणि मुकाट्याने सरासरीत मिसळूनही टाकू नये. तिच्यापुढे शेकोट्यांची नोंद करावी, आणि सरासरी त्या दिवसांसह व त्या दिवसांविना अशी दोन्ही प्रकारे द्यावी. वीटभट्ट्या, ऊसगाळपाचा हंगाम, पिंपळगाव बसवंत व लासलगावच्या बाजारात माल घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरांची वर्दळ यांनाही हाच नियम लागू होतो. या नोंदी नसतील, तर पाच वर्षांनी वाढलेली धूळ प्रकल्पाची की भट्ट्यांची, हा वाद सुटणार नाही.

तिसरी पायरी : हवेचे मोजमाप आणि तराजू

ठिकाणे निवडताना किमान एक केंद्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला, दोन खालच्या बाजूला आणि एक सर्वांत जवळच्या वस्तीत असावे. यंत्र ग्रामपंचायतीच्या गच्चीवर ठेवणे सोयीचे असले, तरी शेजारी चूल, जनरेटर किंवा कच्चा रस्ता आहे का, हे पाहून त्याचे छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश नोंदवावेत.

आता आकड्यांकडे जवळून पाहू. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकणांचे नमुनायंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढते, म्हणजे चोवीस तासांत सुमारे २४ घनमीटर. हवेत या कणांचे प्रमाण ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असेल, तर दिवसभरात गाळणकागदावर जेमतेम एक मिलिग्रॅम धूळ जमते. ज्या तराजूची सर्वांत लहान वाचनक्षमता ०.१ मिलिग्रॅम आहे, त्यावर हा कागद तोलल्यास शेवटच्या अंकात एकाची चूक म्हणजे ४ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक फरक होतो. त्या तराजूवरून ‘३८.७’ असा आकडा छापणे म्हणजे नसलेली अचूकता असल्याचे भासवणे होय. यासाठी ०.००१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा सूक्ष्म तराजू लागतो, कागद तोलण्यापूर्वी नियंत्रित तापमान व आर्द्रतेत ठेवावा लागतो, आणि दर खेपेस एक कोरा कागद शेतापर्यंत नेऊन, न वापरता परत आणून तोलावा लागतो. या कोऱ्या कागदाचे वजन वाढलेले आढळले, तर हाताळणीत धूळ मिसळते आहे, हे लगेच कळते. प्रवाहमापकाच्या अंशांकनाची (प्रमाणित मापाशी ताडून पाहण्याची) तारीख आणि कोऱ्या कागदांची वजने परिशिष्टात नसतील, तर नवख्या वाचकानेही ती निःसंकोच मागावीत.

दुसरी गोष्ट सांख्यिकीची आहे. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, या पद्धतीने एका केंद्रावर २४ नोंदी मिळतात. अहवालात त्यांचे ९८वे शतमान (ज्या आकड्याखाली ९८ टक्के नोंदी येतात तो) काढून ते मानकाशी ताडलेले सर्रास दिसते. २४ नोंदींच्या २ टक्के म्हणजे अर्धी नोंदसुद्धा होत नाही. त्यामुळे हे ९८वे शतमान म्हणजे सर्वांत मोठ्या एक-दोन आकड्यांचीच छाया असते. २००९ च्या राष्ट्रीय मानकांतील ९८ टक्क्यांची अट वर्षभरातील नोंदींसाठी आहे, आणि वार्षिक सरासरीसाठी वर्षात किमान १०४ मोजणी अपेक्षित आहेत. एका हंगामाच्या माहितीवरून मध्यक, किमान, कमाल आणि नोंदींचा पूर्ण आलेख द्यावा, आणि मानकाशी तुलना चोवीस तासांच्या मर्यादेपुरती ठेवावी : दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी १०० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची असून ती अहवालांत जवळजवळ कधीच येत नाही. आपले मोजमाप किती लहान बदल ओळखू शकते? समजा, धुळीच्या दैनिक नोंदींचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) २० मायक्रोग्रॅम आहे आणि प्रकल्पापूर्वी २४ व प्रकल्पानंतर २४ नोंदी आपल्याकडे आहेत. दोन सरासरींतील फरकाची प्रमाण त्रुटी ५.८ येते, म्हणजे साधारण बारापेक्षा कमी वाढ नैसर्गिक चढउतारांतून वेगळी काढताच येणार नाही. प्रदूषण कसे पसरेल हे सांगणाऱ्या संगणकीय प्रतिमानाने २ मायक्रोग्रॅम वाढीचे भाकीत केले असेल, तर ‘मंजुरीनंतर गावातील हवा मोजून खात्री करू’ हे आश्वासन पोकळ ठरते. अशा वेळी प्रामाणिक मार्ग दोनच उरतात : नोंदींची संख्या पुष्कळ वाढवणे, किंवा पडताळणी गावात न करता धुराड्यावरच्या सतत मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदींवरून करणे. हा हिशेब अर्ध्या तासाचा आहे, आणि तो मोजणीला निघण्यापूर्वीच करावा.

चौथी पायरी : विहिरी, आवर्तन आणि काळा पाषाण

भूजलाचे प्रकरण नाशिकमध्ये विशेष काळजीने लिहावे लागते, कारण आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. त्यात पाणी वाळूतल्यासारखे एकसारखे पसरत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा भेगाळलेला थर, लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील तांबडा थर आणि कुठे कुठे भेगांत उभे घुसून थिजलेले खडकाचे पट्टे (डाइक), यांच्या वाटेने किंवा अडथळ्याने ते वाहते. दोनशे मीटर अंतरावरच्या दोन विहिरींपैकी एक मेमध्ये आटते आणि दुसरीला पाणी असते, हे कोणताही शेतकरी सांगेल. म्हणून प्रकल्पाभोवती आठ दिशांना आठ विहिरी निवडून नमुने घेणे पुरेसे नाही.

आधी पाण्याचा उतार काढावा. परिसरातील वीस-पंचवीस विहिरींतील पाण्याची पातळी एक-दोन दिवसांत मोजावी, विहिरीच्या काठाची उंची समुद्रसपाटीपासून काढून त्यातून काठापासून पाण्यापर्यंतची खोली वजा करावी, आणि समपातळी रेषांचा नकाशा तयार करावा. मोजण्याआधी पंप किती तास बंद होता, हे विचारून लिहावे. विहिरीत आडवे बोअर मारलेले आहेत का, हेही विचारावे, कारण आडव्या बोअरची विहीर दुरून पाणी ओढून आणते आणि तिचा नमुना त्या एका जागेचे प्रतिनिधित्व करत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मिळवून आपल्या नकाशाशी ताडाव्यात.

मग विहिरी दोन गटांत निवडाव्यात : साठवण तलावापासून उताराकडच्या, आणि उताराच्या वरच्या बाजूच्या नियंत्रण विहिरी. नियंत्रण विहिरी का हव्यात, हे निफाडमध्ये फार स्पष्ट होते. स्पेंट वॉशच्या गळतीची खूण म्हणून पोटॅशियम आणि क्लोराइड मोजतात, परंतु द्राक्षबागांना आणि उसाला पालाशयुक्त खते दिली जातात, त्यामुळे हे दोन्ही घटक येथील पाण्यात आधीच असू शकतात. प्रकल्प सुरू झाल्यावर उताराकडच्या विहिरीत पोटॅशियम वाढले, तर ते तलावाचे की खताचे? नियंत्रण विहिरींच्या भोवतीही तशाच बागा असतील आणि तेथे वाढ झालेली नसेल, तरच तलावाकडे बोट दाखवता येते. आधी आणि नंतर, प्रभावित आणि नियंत्रित, अशी ही चौकोनी तुलना आहे, आणि तिच्यावाचून ‘वाढ झाली’ किंवा ‘झाली नाही’ या दोन्ही विधानांना आधार राहत नाही. प्रत्येक गटात एकेक विहीर ठेवून तिचे पाच नमुने घेतले, तर ते पाच स्वतंत्र पुरावे होत नाहीत. विहिरी वाढवणे हे एका विहिरीचे नमुने वाढवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

नदीच्या नमुन्यांना वेगळे भान लागते. नाशिक शहराच्या खालची गोदावरी उन्हाळ्यात बऱ्याच अंशी धरणांतून सोडलेल्या पाण्यावर आणि शहराच्या सांडपाण्यावर अवलंबून असते. गंगापूर किंवा दारणा धरणातून आवर्तन (ठरावीक काळ सोडलेले पाणी) सुटले असताना घेतलेला नमुना आणि आवर्तन बंद असताना घेतलेला नमुना या जणू दोन वेगळ्या नद्या असतात. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर त्या दिवशीचा विसर्ग किती क्युसेक होता, हे जलसंपदा विभागाकडून घेऊन लिहावे. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे मेरी म्हणतात, जलविज्ञानाच्या क्षेत्रात काम करते. आपल्या शहरात अशी संस्था असणे ही मोठी सोय आहे, आणि तरुणांनी तिच्याकडे चौकशी करण्यास कचरू नये. पाणवेली आणि शेवाळ असलेल्या पात्रात विरघळलेला प्राणवायू दुपारी चढतो आणि पहाटे तळ गाठतो. मासे मरतात ते पहाटे, आणि नमुने मात्र घेतले जातात अकरा वाजता. किमान एकदा, एकाच ठिकाणी, दर तीन तासांनी चोवीस तास मोजणी करावी.

पुराचाही विचार येथेच करावा. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरले होते, आणि नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याचा विषय तेव्हापासून चर्चेत आहे. साठवण तलाव निळ्या आणि लाल पूररेषेच्या (अनुक्रमे वारंवार येणाऱ्या आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) तुलनेत कोठे आहे, हे नकाशावर दाखवले नसेल, तर तो अहवाल अपुरा आहे.

पाचवी पायरी : जीवसृष्टीची यादी म्हणजे पाहणी नव्हे

जुन्या अहवालांतून आणि वनविभागाच्या आराखड्यांतून उतरवून घेतलेली प्राण्यांची लांबलचक यादी हा आपल्या अहवालांचा जुना दोष आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आढळला होता, आणि तो प्रकार उघडकीस आल्यावर मोठा गदारोळ झाला. इतक्या टोकाला न जाताही, न पाहिलेली प्रजाती ‘आढळली’ म्हणून लिहिणे हा त्याच जातीचा दोष आहे. स्वतः पाहिलेले, स्थानिकांनी सांगितलेले आणि जुन्या नोंदींतून घेतलेले असे तीन रकाने वेगळे ठेवावेत.

पाहणीचे श्रम लिहावेत : किती पट्ट्यांवरून चाललो, किती वेळ, कोणत्या तारखांना, किती निरीक्षक. दर दिवशी नव्याने दिसलेल्या प्रजातींची संख्या जोडत जाऊन आलेख काढावा. तो शेवटच्या दिवशीही चढताच असेल, तर पाहणी संपलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अनुसूचींमध्ये २०२२ च्या दुरुस्तीने मोठे बदल झाले, आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या अनुसूची क्रमांकांची नक्कल अजूनही अहवालांत दिसते, आणि ती दिसली की बाकीची यादीही जुनीच असावी, असा संशय रास्त ठरतो.

आवाज, माती आणि सामाजिक-आर्थिक पाहणी यांवर मी येथे विस्ताराने लिहीत नाही, कारण त्यांची तत्त्वे वरच्यासारखीच आहेत. आवाजाबाबत एवढेच लक्षात ठेवावे की निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल या मर्यादा आहेत, आणि रात्रीची मोजणी खरोखर रात्री दहानंतर झालेली असावी.

सहावी पायरी : भाकीत लिहिणे

हवेच्या विसरणासाठी एरमॉडसारखे प्रतिमान वापरले जाते. प्रतिमान वापरणे म्हणजे संगणकात आकडे भरणे नव्हे. तासागणिक वाऱ्याची दिशा व वेग जागेवर मोजला की दूरच्या केंद्रावरून घेतला, वाऱ्याविना तास किती होते आणि ते वगळले का, डोंगरउतार धरले का, उत्सर्जनाचा दर यंत्र उत्पादकाच्या हमीपत्रातून आला की तशाच चालू प्रकल्पाच्या मोजणीतून आला, या प्रत्येकाचे उत्तर लिहावे. वाऱ्याविना शांत तास वगळले, तर नेमके हिवाळ्यातील सर्वांत वाईट तास गळून पडतात. शेवटी धूळ पकडणारी यंत्रणा बंद पडली असता काय होईल, याचे वेगळे गणित द्यावे, कारण गावकऱ्यांना त्रास होतो तो बहुधा त्याच दिवशी.

परिणामांचे ‘महत्त्व’ ठरवण्यासाठी १९७१ मध्ये लूना लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या तक्त्याच्या धर्तीवर गुण देण्याची पद्धत प्रचलित आहे. विचार नीट मांडण्यासाठी ती उपयोगी आहे, पण उणे ३५ आणि अधिक ६० यांची बेरीज करून ‘एकूण परिणाम अनुकूल’ असे म्हणणे मला मान्य नाही. विहीर नासलेल्या कुटुंबाचे नुकसान दुसऱ्या कुणाला मिळालेल्या रोजगाराने भरून निघत नाही, आणि त्या बेरजेत ते दिसेनासे होते. गुण कोणी दिले, कोणत्या निकषावर दिले, आणि दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे दिले असता किती फरक पडला, हे तरी किमान छापावे.

भाकिताची भाषा कशी असावी, याचा नमुना देतो. ‘प्रकल्पामुळे भूजलावर नगण्य परिणाम होईल’ हे वाक्य तपासता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘साठवण तलावापासून ५०० मीटरपर्यंतच्या उताराकडील विहिरींमध्ये, मे महिन्यातील पोटॅशियमच्या मध्यकात, नियंत्रण विहिरींतील बदल वजा जाता, पहिल्या पाच वर्षांत आधारभूत चढउताराच्या मर्यादेपलीकडे वाढ होणार नाही. तशी वाढ सलग दोन मोजण्यांत आढळल्यास तलाव रिकामा करून अस्तराची तपासणी केली जाईल.’ येथे ठिकाण, घटक, काळ, तुलना, मर्यादा आणि पुढची कृती, सर्व काही आहे. ‘आधारभूत चढउताराची मर्यादा’ म्हणजे किती, तो आकडा आपल्याच मोजणीतून काढून लिहायचा असतो. तो काढता येत नसेल, तर मागची मोजणी अपुरी होती, असा त्याचा अर्थ होतो.

एकत्रित परिणामांकडेही याच टप्प्यावर पाहावे. गोदावरीवर वरच्या अंगाला नाशिक शहर, सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती, मलनिस्सारण केंद्रे आणि एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. एकट्या नव्या प्रकल्पाचा भार लहान दिसतो, पण नदी सर्वांचा भार एकत्र वाहते. त्यामुळे आधीच मंजूर झालेल्या आणि अजून उभ्या न राहिलेल्या प्रकल्पांची यादी पर्यावरण मंजुरीच्या परिवेश या सरकारी संकेतस्थळावरून काढून तोही भार गणितात धरावा.

सातवी पायरी : जनसुनावणीतून माहिती घेणे

जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी उपलब्ध करावा लागतो. या सारांशात भाकितांचा तक्ता पूर्ण द्यावा, केवळ प्रकल्पाचे फायदे नव्हे. सुनावणीत शेतकरी म्हणतात, ‘पश्चिमेकडचा वारा सुटला की वास आमच्या मळ्यात येतो,’ किंवा ‘त्या ओढ्याच्या कडेने विहिरींना एकच झरा आहे.’ ही विधाने भावना म्हणून बाजूला न ठेवता तपासण्याजोगी अनुमाने म्हणून नोंदवावीत. झऱ्याचे विधान तर आपल्या समपातळी नकाशावर लगेच पडताळता येते, आणि तेथे एक विहीर वाढवून मोजता येते. अंतिम अहवालात प्रत्येक हरकतीपुढे कोणती मोजणी केली आणि काय निघाले, हे लिहिले की सुनावणीला खरा अर्थ येतो.

ग्रामस्थांसाठी एक सूचना. ‘अहवाल खोटा आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘नियंत्रण विहिरी कोणत्या, आवर्तन चालू होते की बंद, कोऱ्या कागदांची वजने कुठे आहेत’ असे तीन प्रश्न लेखी द्यावेत. त्यांची उत्तरे इतिवृत्तात यावी लागतात, आणि मूल्यांकन समितीसमोर तेच इतिवृत्त जाते.

आठवी पायरी : मूळ नोंदी आणि स्वातंत्र्य

सल्लागाराचे मानधन प्रकल्पधारक देतो, ही या व्यवस्थेतील मूळ अडचण आहे, आणि ती नवख्या कर्मचाऱ्याला एकट्याने सुटणारी नाही. तरीही त्याच्या हातात काही गोष्टी आहेत. शेतातील वही पेनाने भरावी, खाडाखोड एका रेषेने करावी, जेणेकरून खालचा आकडा वाचता येईल. नमुना कोणी घेतला, कोणी नेला, प्रयोगशाळेत किती वाजता पोहोचला, ही साखळी सहीनिशी ठेवावी. एखादा आकडा विसंगत वाटला म्हणून वगळला, तर वगळण्याचे कारण आणि तो आकडाही परिशिष्टात ठेवावा. कोणी आकडा बदलण्यास सांगितले, तर ‘लेखी द्या’ एवढे नम्रपणे म्हणावे. जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते, अशी तरतूद अधिसूचनेतच आहे, आणि तिची आठवण करून देणे हे प्रकल्पधारकाच्याही हिताचे असते. शक्य असल्यास अहवाल सादर करण्यापूर्वी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एखाद्या प्राध्यापकाकडून मोजणीचे प्रकरण तपासून घ्यावे आणि त्यांचे आक्षेप उत्तरांसह जोडावेत.

नववी पायरी : मंजुरीनंतर

मंजुरी मिळाली की अहवाल कपाटात जातो, आणि भाकितांची पडताळणी कोणी करत नाही. प्रकल्पधारकाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी मंजुरीच्या अटी पाळल्याचे अनुपालन अहवाल द्यावे लागतात, आणि ते सार्वजनिक असतात. या अहवालांचा साचा ठरवतानाच भाकितांचा तोच तक्ता त्यात घालावा : भाकीत, ठरलेली मर्यादा, या सहामाहीतील मोजणी, नियंत्रण ठिकाणची मोजणी आणि निष्कर्ष. विहिरी त्याच, प्रयोगशाळेची पद्धत तीच आणि महिनेही तेच ठेवावेत. मेच्या पहिल्या पंधरवड्यात घेतलेले नमुने जूनच्या अहवालात आणि ऑक्टोबरचे नमुने डिसेंबरच्या अहवालात सहज बसतात. प्रयोगशाळा बदलावी लागलीच, तर एका फेरीचे नमुने दुभागून जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रयोगशाळांत द्यावेत आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी छापावेत.